प्रोफेशनल ऑडिओची दुरुस्ती शिकायची तर या क्रमाने शिका

पुण्यात साऊंडच्या सामानाची दुरुस्ती शिकायला निघालेली मुलं बहुतेक दोन ठिकाणी चुकतात. काही जण साऊंड इंजिनिअरिंगचा महागडा कोर्स करतात. तिथे मिक्सिंग, माइक लावणं, सॉफ्टवेअर सगळं होतं. बंद पडलेला अ‍ॅम्प उघडून मीटर कुठे लावायचा, ते मात्र येत नाही. लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयमधला ध्वनीचा अभ्यासक्रमसुद्धा चित्रपटाच्या ध्वनीसाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. बाकीचे थेट एखाद्या साऊंडवाल्याकडे लागतात, दोन हंगाम बॉक्स उचलतात, केबली गुंडाळतात, आणि मालक जळालेला ट्रान्झिस्टर बदलतो ते बघून तेवढंच शिकतात. तोच ट्रान्झिस्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा का जळाला, हे त्यांना सांगता येत नाही.

ही मुलं कष्टाला कमी पडत नाहीत. त्यांचा क्रम चुकतो. आधी मोजायला शिकायचं, मग डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, मग चालू सामान समजून घ्यायचं, आणि त्यानंतरच बिघडलेल्याला हात लावायचा. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळला तर पुढच्या टप्प्यात सामान जळतं, आणि ते गिऱ्हाइकाचं असतं.

टप्पा १ : पाया कुठे घ्यायचा

दहावीनंतर दोन सरळ वाटा आहेत. आयटीआयचा ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा २ वर्षांचा ट्रेड, किंवा पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा ३ वर्षांचा डिप्लोमा. औंधला शासकीय आयटीआय आहे, गणेशखिंडीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दोन्हीकडचे प्रवेश ऑनलाइन, ठरलेल्या मुदतीत होतात. आयटीआय पूर्ण करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोयही महाराष्ट्रात आहे. माझं मत विचाराल तर ज्याला बेंचवर बसून हाताने काम करायचं आहे, त्याने आयटीआयने सुरुवात करावी. डिप्लोमाचा उपयोग पुढे एखाद्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी धरताना होतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘इलेक्ट्रिशियन’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हे एकच समजून फॉर्म भरणं. इलेक्ट्रिशियनचं शिक्षण वायरिंग आणि मोटारींकडे जातं. अर्ज भरताना ट्रेडचं पूर्ण नाव वाचा.

तपासा: १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि दोन कपॅसिटर. भार नसताना किती डीसी मिळेल? कागदावर करून बघा. १२ ला १.४१४ ने गुणायचं, डायोडचा ड्रॉप वजा करायचा. दोन्ही बाजूंना साधारण १६ व्होल्ट. हे उत्तर न अडखळता आलं नाही, तर पुढे जाऊ नका. अ‍ॅम्प आणि मिक्सरमधल्या अर्ध्या तक्रारी पॉवर सप्लायपाशीच सुटतात.

टप्पा २ : बेंच आणि हत्यारं

खरेदी तपकीर गल्लीत होईल, पण यादी घरून करून जा. क्रम असा ठेवा: चांगला मल्टिमीटर, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन, डीसोल्डर पंप आणि विक (जुना डाग शोषून घेणारी तांब्याची पट्टी), सिरीज बल्ब, डमी लोड (स्पीकरऐवजी लावायचा रेझिस्टर). ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) सगळ्यात शेवटी. बरीच मुलं पहिल्याच पगारात स्कोप घेतात आणि मीटर मात्र दोनशे रुपयांचा वापरतात. ज्या मीटरच्या प्रोबची वायर ३०० व्होल्टला भरवशाची नाही, तो या धंद्यात जीवावर बेतू शकतो.

सिरीज बल्ब स्वतः बनवा. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, एक स्विच; बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये. बल्ब तारेचा हवा, १०० वॉटचा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, कारण करंट वाढला की तारेचा रोध वाढतो आणि तोच आतल्या पार्टना वाचवतो. तारेचा बल्ब मिळाला नाही तर हॅलोजन चालतो.

डमी लोड म्हणजे ८ ओहमचे, अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातले १०० वॉटचे वायरवाउंड रेझिस्टर, मोठ्या हीटसिंकवर घट्ट बसवलेले. दोन घेतले की पॅरललमध्ये ४ ओहम मिळतात. गिऱ्हाइकाच्या स्पीकरवर टेस्टिंग करायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. शेजारच्यांचे आणि तुमचे कानही त्यात वाचतात.

सावधान: बेंचच्या लाइनला एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. पण आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सामान लाइनपासून वेगळं करणारा) लावला की त्याच्या पुढच्या बाजूला आरसीसीबी तुम्हाला वाचवत नाही. दोन्ही आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

टप्पा ३ : डाग द्यायला शिका, आणि तेही केबलवर

एखाद्या ओळखीच्या साऊंडवाल्याकडे जा आणि खराब केबलींचं पोतं मागा. प्रत्येकाकडे ते असतंच आणि तो ते आनंदाने देतो. शिकायला याहून चांगला माल नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून दोन-चार जुने बोर्डही आणा, पार्ट काढण्याच्या सरावाला.

६०/४० ची तार, बिटचं, म्हणजे सोल्डरिंगच्या टोकाचं, तापमान ३५० अंशांच्या आसपास. बिट आधी पिनला आणि वायरला एकदम टेकवायचं, तार नंतर जोडावर लावायची, बिटावर नाही. दोन-तीन सेकंदांत डाग चकचकीत बसला पाहिजे. घट्ट होईपर्यंत वायर हलली तर तो डाग दाणेदार, मळकट दिसतो. तो पुन्हा द्या. असे कच्चे डाग दुकानात चालतात आणि स्टेजवर गाडीच्या धक्क्यांनंतर सुटतात.

एक्सएलआरमध्ये (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये) पिन १ शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. एकाच टोकाला २ आणि ३ उलटे झाले तर केबल चालते, आवाजही येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण त्याच गायकासमोर दुसरा माइक असला की दोघांचा आवाज एकमेकांना खातो आणि साऊंड इंजिनिअर तासभर इक्वलायझर फिरवत बसतो. स्पीकॉनमध्येही (स्पीकरच्या केबलीचा कनेक्टर) १ प्लस, १ मायनस बघून जोडा. जुन्या केबलीत मागच्या माणसाने काय केलंय यावर विसंबू नका.

तपासा: केबल झाली की मीटरवर १ ला १, २ ला २, ३ ला ३ बीप आला पाहिजे. मग एकमेकांत कुठेही बीप येता कामा नये. दोन्ही टोकं हलवत असताना ही तपासणी पुन्हा करा. हलवून न बघितलेली केबल ‘झाली’ म्हणायची नाही.

टप्पा ४ : आधी चालू सामान मोजा

हा टप्पा बहुतेक सगळे गाळतात. निरोगी अ‍ॅम्पमध्ये कुठे किती व्होल्ट असतात हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला बिघडलेल्यात काय चुकलंय ते कळणार कसं?

एक साधा, ट्रान्सफॉर्मरवाला चालू अ‍ॅम्प घ्या. फोनमधल्या किंवा लॅपटॉपमधल्या टोन जनरेटरने ४०० हर्ट्झचा सिग्नल द्या, आउटपुटला डमी लोड लावा. आउटपुटला २० व्होल्ट आरएमएस (मीटर एसीवर दाखवतो तो आकडा) आले तर ८ ओहमवर ५० वॉट. ४० आले तर २०० वॉट. व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट, हे हाताला बसलं पाहिजे. चारशेच्या आसपासचा सिग्नल मुद्दाम घ्या, कारण स्वस्त मीटर जास्त फ्रिक्वेन्सीला एसी चुकीचं दाखवतात. सिग्नल बंद करून आउटपुटला डीसी मोजा. काही मिलीव्होल्ट असतात. ५० च्या आत ठीक. सगळे आकडे वहीत लिहा.

मग मिक्सर. मिक्सर शिकणाऱ्याला फार उदार आहे, कारण त्यात एकसारखे आठ, सोळा, चोवीस चॅनेल असतात. सर्किटचा नकाशा नसला तरी शेजारचा चालू चॅनेल हाच तुमचा नकाशा. एक सिग्नल दोन्ही चॅनेलना द्या आणि इनपुटपासून फेडरपर्यंत एकेक जागा दोन्हीकडे मोजत जा. जिथे आकडे वेगळे पडले, तिथे बिघाड. आठ पायांचे दुहेरी ऑपअँप (सिग्नल वाढवणारे आयसी), म्हणजे ४५५८, टीएल ०७२, एनई ५५३२, या सगळ्यांची पायरचना एकच: ८ ला प्लस सप्लाय, ४ ला मायनस, १ आणि ७ आउटपुट. आउटपुटच्या पायावर सप्लायइतकं डीसी दिसलं की बहुतेक वेळा तो आयसी गेला. लाइन लेव्हलचे आकडेही पाठ करा: ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, प्रोफेशनल सामानाची प्लस ४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) ४८ व्होल्ट, ६.८ किलो-ओहमच्या दोन रेझिस्टरमधून पिन २ आणि ३ वर येतो.

कानही याच टप्प्यात तयार करायचे. ५० हर्ट्झची गोल, खोल घुमी आली तर अर्थिंगचा लूप किंवा शील्ड बघा. १०० हर्ट्झची खरखरीत घुमी आली तर रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कपॅसिटर. हा फरक कानाने ओळखता आला तर अ‍ॅम्प उघडायच्या आधीच अर्धी दिशा मिळते. घुमी घालवायला अर्थची पिन कापून टाकणारे लोक आहेत. ते कधीही करू नका, आणि दुरुस्तीला आलेल्या सामानाची पिन कापलेली दिसली तर आधी ती बदला.

टप्पा ५ : बिघडलेला अ‍ॅम्प

इथे थांबून, सावकाश वाचा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते घाईने होतं.

५.१ विचारा. ‘मशीन चालू होतं, अचानक बंद पडलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. जनरेटरवर होतं का? पावसात भिजलं का? एका चॅनेलला किती बॉक्स होते? ८ ओहमचे चार बॉक्स पॅरललमध्ये लावले तर २ ओहम होतात, आणि पुष्कळ अ‍ॅम्प ते झेपवत नाहीत. मंडपाच्या थ्री-फेज बोर्डवर न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतं. आत फुटलेला व्हॅरिस्टर (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा पार्ट) आणि उडालेला फ्यूज दिसला तर हीच शंका घ्या आणि मालकाला बोर्ड तपासायला सांगा. नाहीतर तुम्ही नीट केलेला अ‍ॅम्प दुसऱ्या रात्री तसाच परत येईल आणि बोल तुम्हाला लागेल.

५.२ बघा, वास घ्या, साफ करा. गणपतीनंतर पुण्यातल्या अ‍ॅम्पमध्ये गुलाल भरलेला असतो. तो पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत बसतो, त्यात पावसाची ओल मिसळली की खपल्या धरतात. मऊ ब्रश आणि हवेने काढा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. ओला बोर्ड पूर्ण वाळल्याशिवाय मोजायलाही घेऊ नका.

५.३ कपॅसिटर रिकामे करा. प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. २.२ किलो-ओहम, १० वॉटचा रेझिस्टर, इन्सुलेशन असलेल्या वायरीसह, काही वेळ लावून धरा, मग मीटरवर खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणं ही मर्दुमकी नव्हे. त्याने कपॅसिटरही जातो आणि डोळ्याला इजाही होऊ शकते.

५.४ वीज न देता मोजा. ब्रिज, मग आउटपुट ट्रान्झिस्टर, मग त्यांचे ०.२२ ओहमसारखे एमिटर रेझिस्टर, मग ड्रायव्हर, मग बायसचा (सिग्नल नसताना आउटपुटमधून वाहणारा थोडा करंट ठरवणारा) ट्रान्झिस्टर. आउटपुट शॉर्ट सापडला की तिथेच थांबून तो बदलून टाकणं, ही या धंद्यातली सगळ्यात महाग पडणारी चूक. आउटपुट एकटा क्वचितच जातो. त्याच्या मागचा ड्रायव्हर किंवा ओपन झालेला एमिटर रेझिस्टर राहून गेला तर नवा पार्ट चालू केल्याबरोबर जातो.

५.५ पार्ट. सी ५२०० आणि ए १९४३ ही जोडी भारतात असंख्य अ‍ॅम्पमध्ये आहे, आणि म्हणूनच तिचे नकली पार्टही बाजारात भरपूर आहेत. भाव संशयास्पद कमी असेल तर घेऊ नका. बिल देणाऱ्या, ओळखीच्या दुकानातूनच घ्या. जळालेला खरा पार्ट आणि नवा पार्ट शेजारी ठेवून छपाई, पायांची जाडी आणि वजन बघा. शंका राहिली तर लॉटमधला एक फोडून आतली चिप बघा. नकलीची चिप डोळ्यांना कळेल इतकी लहान असते. एक पार्ट वाया जातो, बाकीचे वाचतात. एका चॅनेलचे सगळे आउटपुट एकाच लॉटचे लावा. अभ्रक आणि थर्मल पेस्ट नवी, आणि बसवल्यावर कलेक्टर ते हीटसिंक बीप येत नाही ना, हे बघूनच पुढे जा.

५.६ सिरीज बल्बवर चालू करा. स्पीकर नाही, डमी लोड नाही, सिग्नल नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. उजळलेलाच राहिला तर ताबडतोब बंद, आणि ५.४ वर परत. बल्ब काढून बघू, असा मोह इथे होतो. तो आवरा.

५.७ आउटपुटला डीसी मोजा. मिलीव्होल्टमध्ये असेल तर मग थेट लाइनवर घ्या, अ‍ॅम्प गरम होऊ द्या, आणि सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे बायस लावा. काही व्होल्ट डीसी दिसत असेल तर स्पीकरचं नावही काढू नका. तेवढं डीसी व्हॉइस कॉइल जाळायला पुरेसं असतं.

५.८ डमी लोडवर, आधी थोडा आणि मग वाढवत सिग्नल द्या. निदान तासभर चालवा. पंखा, संरक्षण रिले, दोन्ही चॅनेलचं तापमान बघा. स्पीकर सगळ्यात शेवटी.

सावधान: एसएमपीएसवाले (मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लाय असलेले) आणि क्लास डी (आउटपुट वेगाने चालू-बंद करणारे) अ‍ॅम्प याच पद्धतीने उघडू नका. प्रायमरीच्या, म्हणजे लाइनला जोडलेल्या, बाजूला २३० व्होल्टचे रेक्टिफाय होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. सिरीज बल्बवर असे सप्लाय कधी कधी चालूच होत नाहीत, चालू-बंद होत राहतात, आणि त्यावरून बिघाड आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. स्कोपची ग्राउंड क्लिप प्रायमरीला लावली तर स्फोट होतो. ब्रिज आउटपुटच्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, तिथेही ग्राउंड क्लिप लावायची नाही. दोन प्रोबने फरक मोजायचा. उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन काढणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅम्प भरवशाने नीट करता येऊ लागल्यावरच या सामानाला हात लावा, आणि तेही सुरुवातीला जाणत्या माणसाच्या शेजारी बसून.

टप्पा ६ : स्पीकर, युनिट, डिजिटल मिक्सर

८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो. हे माहीत नसल्यामुळे चांगले स्पीकर ‘कमी ओहम दाखवतोय’ म्हणून उघडले गेले आहेत. वूफरची पोलॅरिटी दीड व्होल्टच्या सेलने बघा: प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. हाय फ्रिक्वेन्सीच्या युनिटवर बॅटरी लावू नका, त्याचा डायफ्रॅम नाजूक असतो. रीकोनिंग करताना (कोन आणि कॉइल नवी बसवताना) मॅग्नेटची फट चिकटपट्टीने साफ करा, कारण लोखंडाचा एक कण राहिला तरी कॉइल घासते.

डिजिटल मिक्सर आला की कशालाही हात लावण्याआधी गिऱ्हाइकाचे सगळे सीन (साठवलेल्या सेटिंग) पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. फॅक्टरी रीसेट केलं आणि नाटकाच्या ग्रुपची वर्षभराची सेटिंग गेली, तर दुरुस्ती कितीही चांगली असो, तो माणूस परत येत नाही. यात पॉवर सप्लाय, सैल झालेल्या रिबन केबली आणि फेडर एवढं सुरुवातीला करा. फेडरला यंत्राला मारायचं गंजाचं तेल मारू नका. फेडरसाठी वेगळा क्लीनर मिळतो.

टप्पा ७ : उमेदवारी कुठे आणि केव्हा

सर्व्हिस सेंटर, मोठ्या भाड्याच्या साऊंड कंपन्यांची वर्कशॉप, स्टुडिओ, नाट्यगृहांची देखभाल घेणारे कंत्राटदार, या चार ठिकाणी विचारा. गणपतीच्या आधी जाऊ नका. तेव्हा कुणालाही शिकवायला वेळ नसतो आणि तुम्हाला टेम्पो भरायला लावतात. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात जा. बिघडलेल्या सामानाचा ढीग पडलेला असतो, नवरात्र तोंडावर असतं, आणि बेंचवर जास्तीचे हात हवे असतात.

तपासा: रुजू होण्याआधी एकच गोष्ट विचारा, ‘मला बेंचवर बसायला मिळेल का, आणि कोणाच्या शेजारी?’ उत्तर गोलमोल आलं तर दुसरी जागा बघा. पगार थोडा कमी असला तरी बेंचची जागा धरा.

टप्पा ८ : स्वतःचं काम सुरू करताना

सामान आल्याबरोबर चारही बाजूंनी आणि सीरियल नंबरचे फोटो काढा. जॉब कार्डावर तक्रार मालकाच्या शब्दांत लिहा, सोबत आलेली पॉवर केबल, रॅकचे स्क्रू, माइकच्या क्लिपा सगळं नोंदवा. वाद बहुतेक वेळा दुरुस्तीवरून होत नाही, हरवलेल्या केबलीवरून होतो. उघडून बघण्याचे पैसे वेगळे आणि आधी सांगा. दुरुस्तीचा अंदाज मोजमाप झाल्यावरच द्या, फोनवर कधीच नाही. फोनवर दिलेला आकडा गिऱ्हाईक शेवटपर्यंत धरून ठेवतं.

बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून सामानासोबत परत करा. कार्डावर तीन आकडे लिहून द्या: आउटपुटचं डीसी, डमी लोडवर मिळालेली पॉवर, आणि किती वेळ चालवून बघितलं. त्याच्या खाली कारण लिहा. ‘चॅनेल बी वर २ ओहमचा भार, एका चॅनेलला दोनच बॉक्स लावा’, एवढं पुरतं. कार्डाची एक प्रत स्वतःकडे मॉडेलच्या नावाने लावून ठेवा, म्हणजे तेच मॉडेल पुन्हा आलं की पहिलं मोजमाप कुठे घ्यायचं ते कार्डावरच सापडतं.